कोऱ्या भिंतीकडची बाजू

१

तारांगणाच्या तळघरातल्या वर्कशॉपमध्ये त्यांना सगळे गोलकाका म्हणत. एकतीस वर्षांत त्यांनी गोल सोडून दुसरं काही घडवलं नव्हतं. पृथ्वी, मंगळ, गुरू, आणि एकदा कुणाच्या तरी सहीच्या घोळामुळे दोन शुक्र. त्यातल्या जादा शुक्राची एक वाटी अजून कॅन्टीनमागे पालथी पडली होती आणि तिच्याखाली मांजरीनं संसार थाटला होता.

काम नेहमी एकाच पद्धतीचं. फायबरच्या दोन वाट्या साच्यातून काढायच्या, तोंडाला तोंड लावून चिकटवायच्या, सांध्यात पुट्टी भरायची आणि मग घासत बसायचं. आधी ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, मग एकशेवीस, मग दोनशेवीस, शेवटी चारशे. चारशेनंतर बोटं ओल्या साबणावरून सरकावीत तशी सरकली पाहिजेत. पलीकडच्या खोलीत कुणी घासत असलं तर नुसत्या आवाजावरून काका नंबर सांगत, आणि तो कधी चुकत नसे.

सकाळी सातला कामावर, दुपारी तीनला सुट्टी, साडेतीनला घरी. तिसऱ्या मजल्यावरचं, इमारतीच्या अगदी टोकाचं घर. कोपरापर्यंत हात घासून धुवायचे, टेबलाशी बसायचं, काकू चहा ओतणार. चहा होईपर्यंत दोघंही फारसं बोलत नसत. गेलं दीड वर्ष तर नाहीच.

त्या मंगळवारी काकांनी साखरेचा डबा पुढे ओढला आणि बोटांना धूळ लागली.

बारीक, काळसर, जराशी तांबूस. डब्याच्या एकाच अंगाला. दुसऱ्या अंगाला त्यांचा चेहरा दिसावा इतका डबा लख्ख होता.

"अगं, हे काय?"

"तुमचंच असेल," काकू म्हणाल्या. "अंगावर घेऊन येता रोज."

त्यातही तथ्य होतं. काकांनी फडक्यानं डबा पुसला. मग सहज, काहीच मनात नसताना, किटली फिरवून पाहिली. मग फुलदाणी. रेडिओ. काकूंचं शिलाई मशीन. सगळ्यांची तीच एक बाजू काळवंडली होती. कोऱ्या भिंतीकडची.

२

घराच्या त्या टोकाच्या भिंतीला खिडकी नव्हती, खिळा नव्हता, कॅलेंडरसुद्धा नव्हतं. भिंतीपलीकडे इमारत संपत होती. तीन मजल्यांची उंची आणि खाली मोकळं मैदान. म्हणून ती कोरी भिंत.

काका सरळ डोक्याचे होते. धूळ आली म्हणजे कुठून तरी आली. त्यांनी भिंतीला गाल लावून फट शोधली, मेणबत्ती पेटवून भिंतीच्या कडेकडेनं फिरवली. ज्योत हलली नाही. मैदानात जाऊन मान मोडेपर्यंत वर पाहिलं. बाहेरून भिंत धड होती. मग त्यांनी कामाचे कपडे वर्कशॉपमध्येच ठेवायला सुरुवात केली, तिथेच अंघोळ करून घरी यायला लागले. शनिवारी दोन बादल्या पाणी घेऊन घर वरपासून खालपर्यंत पुसून काढलं. पाणी काळं झालं ते मोरीत ओतलं.

सोमवारी दुपारी साखरेचा डबा पुन्हा एका अंगानं काळा.

"राहू द्या हो," काकू म्हणाल्या. "कशाला त्याच्या मागे लागता?"

आवाजात वैताग नव्हता. उलट दीड वर्षात पहिल्यांदाच काकूंच्या बोलण्याला जराशी ऊब होती, आणि काकांना तेच खटकलं.

दीड वर्षापूर्वी त्यांची मुलगी गेली. तिचं नाव सगळे विसरले होते, कारण जन्मापासून तिला भिंगरीच म्हणत. एका जागी ठरायची नाही. चोवीस वर्षांची झाली, बापापेक्षा चार बोटं उंच झाली, तरी घरात आली की घर हलायचं. नोकरीच्या गावी जायला म्हणून ती सकाळच्या बसमध्ये बसली, आणि ती बस पुलावरून नदीत गेली. बस सापडली. माणसं सापडली. तिची बॅग सापडली, आतले कपडेसुद्धा घडी न मोडता. ती सापडली नाही.

"सापडली नाही ना? मग आहे," असं काकू म्हणाल्या, आणि त्यानंतर त्यांनी कुणालाही भेटायला घरात घेतलं नाही.

चार महिन्यांपूर्वी सरकारी ऑफिसातून कागद आला. मुलीला मृत समजायला हरकत नाही, पालकांची सही हवी. काकांनी जेवणाच्या सुट्टीत उभ्याउभ्या सही केली आणि घरी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. रोज चहाच्या वेळी शब्द ओठांपर्यंत यायचे आणि चहाबरोबर परत खाली जायचे.

३

वर्कशॉपमध्ये तेव्हा शनीच्या चंद्रांचं काम चाललं होतं. नव्या दालनासाठी सात चंद्र. सहा झाले होते. शेवटचा आयापेटस, काकांच्या छातीएवढा.

"बरं झालं," काकांनी पहिल्या दिवशी फोटो पाहून म्हटलं होतं, "जन्मात पहिल्यांदा सांधा घासायचा नाही." या चंद्राच्या बरोबर कमरेवरून डोंगरांची एक रांग गेलेली, अक्रोडाच्या शिवणीसारखी. जणू ज्यानं कुणी तो बनवला त्यानं दोन वाट्या चिकटवल्या आणि घासायचं सोडून दिलं.

अवघड होता तो रंग. एक बाजू बर्फासारखी पांढरी, दुसरी काळी. काळ्यात तांबूस छटा, आणि ती छटा काही केल्या साधत नव्हती. दालनातल्या पाट्या लिहिणाऱ्या मॅडम रोज एकदा खाली येऊन मान हलवून जायच्या.

त्या गुरुवारी काकांनी खिशातून कागदाची पुडी काढली. घरातली धूळ. कुणाला तरी दाखवावी म्हणून आणली होती. त्यांनी काही बोलायच्या आतच मॅडमनी ती फोटोशेजारी धरली.

"काका! हाच. अगदी हाच शेड. कुठून आणलात?"

"घरातली आहे," काका म्हणाले, आणि पुडी परत घडी करून खिशात ठेवली. "पण मॅडम, मला एक सांगा. हा एकाच बाजूनं काळा का?"

मॅडमना विचारलेलं आवडायचं. त्या स्टुलावर टेकल्या.

"आयापेटस शनीभोवती फिरतो ना, तो नेहमी एकच गाल पुढे करून. तोंड वळवत नाही कधी. आणि त्याच्या वाटेत धूळ आहे. गाडी धुळीतून नेली की पुढची काच मळते ना, तसंच."

"धूळ कुणाची?"

"लांबवर दुसरा एक छोटा चंद्र आहे. फीबी. ती उलट्या दिशेनं फिरते. हे तुमचे सातही इकडून तिकडे, आणि ती एकटीच तिकडून इकडे. तिची धूळ सुटत राहते, ती आत-आत येते आणि ह्याच्या तोंडावर बसते."

"म्हणजे ती झिजतेय."

"हो. म्हणजे, तसं म्हणता येईल."

"मग संपेल ना कधीतरी?"

मॅडम हसल्या. "तुमच्या-माझ्या हयातीत नाही, काका."

"आणि नाव कुणाचं हे? आयापेटस?"

"ग्रीक पुराणातला आहे एक. देवांशी लढाई हरला आणि त्याला पाताळात कोंडलं. मुलांचंही पुढे वाईटच झालं. एकाच्या खांद्यावर आभाळ दिलं, एकाला खडकाला बांधलं, एकावर वीज पाडली. बाप बिचारा..." मॅडमना एकदम काहीतरी आठवलं. त्या उठल्या, पाट्यांचे कागद गोळा केले. "जाते मी. शेड मात्र तोच घ्या."

काकांनी मिश्रण करून तो शेड बरोबर साधला. पुडी उघडली नाही. पण दिवसभर खिशात ती हाताला लागत राहिली.

४

घरी येताना त्यांनी नमुन्याचा एक गोल आणला. फुटबॉलएवढा, नुसता पांढरा प्रायमर मारलेला. टेबलावर कपड्याची चुंबळ करून तिच्यावर ठेवला.

चौथ्या दिवशी गोल निम्मा काळा झाला होता. भिंतीकडची बाजू गडद, आणि कडेला काळं-पांढरं एकमेकांत घुसलेलं, किनाऱ्यावर लाट ओसरते तसं. ते फोटोशेजारी धरून पाहायची गरज नव्हती. महिनाभर त्यांनी तीच कड रंगवली होती.

काकांनी गोल फिरवला. काळी बाजू दाराकडे, पांढरी भिंतीकडे. दुसऱ्या दिवशी चहाला बसले तेव्हा काळी बाजू पुन्हा भिंतीकडे होती.

"तू फिरवलास?"

"मी कशाला हात लावू?" काकू म्हणाल्या.

त्यांच्या डोक्यात नाना हिशेब चालले. टेबल कललेलं असेल. धुळीच्या वजनानं गोल आपोआप वळत असेल. त्यांनी टेबलावर पाण्याची वाटी ठेवून पातळी पाहिली. सरळ होती. उलट, इतकी सरळ पातळी घरातल्या कुठल्याच वस्तूला नव्हती.

मग त्यांचं लक्ष काकूंकडे गेलं. एवढे दिवस वस्तू पाहत होते, माणूस पाहिलंच नव्हतं. काकूंची खुर्ची कधीतरी फिरली होती. शिलाई मशीनही. काकू आता कोऱ्या भिंतीकडे तोंड करून बसत, पायाखाली मशीन टकटकत चाले, सुईखाली कापड मात्र नसे. त्यांचं कपाळ, नाक, दोन्ही गाल काळवंडले होते. मानेची मागची बाजू आणि कानांमागची जागा कागदासारखी पांढरी पडली होती.

काकांनी टॉवेल ओला करून आणला. हनुवटी धरून त्यांचं तोंड पुसायला लागले, लहान मुलाचं पुसावं तसं. टॉवेल काळा झाला. पुन्हा पिळला, पुन्हा पुसलं.

काकूंनी त्यांचा हात धरला. "पुसू नका हो. किती लांबून येतंय ते."

"काय येतंय?"

"घर चाललंय आपलं. तुम्हाला जाणवत नाही? मला बसल्या जागी कळतं, पोटात कळतं. त्या भिंतीच्या दिशेनं चाललोय आपण. आणि ती तिकडून येतेय, उलट." काकू हसल्या. "भेट होणारच की. फक्त वाटेत झिजतेय पोर. सारखी झिजतेय."

फीबीचं आपण हिला कधी सांगितलं? सांगितलं असेल. गुरुवारी चहा घेताना बोलता-बोलता सांगितलं असेल. त्यांनी त्या दिवसाचा चहा आठवून पाहिला, घोटन् घोट. दोघं एक शब्दही बोलले नव्हते.

५

रविवारी मेहुणी आली. काकूंची धाकटी बहीण, अर्ध्या तासावर राहायची. दीड वर्षात ताईनं दार उघडलं नाही तर जिन्यात बसून बोलून जायची, पण यायची. या खेपेला काकांनीच फोन करून बोलावलं.

"काय हे भावोजी, चंद्र करता-करता घराची खाण केलीत की!" ती दारातूनच म्हणाली. "सरका, मी बघते. बायकामाणसाच्या हातानं पुसलं की जातं सगळं."

पदर खोचून तिनं फडकं घेतलं. बडबडत किटली पुसली, रेडिओ पुसला. मग बोटाला लागलेली धूळ तिनं नकळत नाकाशी नेली, नासलं-बिसलं पाहतो तशी.

तिची बडबड थांबली.

मोरीवर जाऊन तिनं साबणानं हात धुतले. आली, आणि परत गेली, परत धुतले. चहा तसाच ठेवला. काकू आत कपडे बदलत होत्या, तेवढ्यात ती काकांजवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "ताईला मी घेऊन जाते. आत्ताच."

"का? काय झालं?"

"मला नका विचारू."

"अगं, असं कोड्यात काय बोलतेस?"

"भिंगरी लहान होती तेव्हा मी न्हाऊ घालायचे तिला," मेहुणी म्हणाली. "डोकं पुसून झालं की टाळूचा वास यायचा, उन्हात तापल्यासारखा. मी मुद्दाम नाक खुपसायचे, आणि ती ओरडायची. तो वास आहे भावोजी त्या धुळीला. तुम्ही बाप आहात. तुम्हाला कळला नाही?"

एकतीस वर्षं पुट्टी आणि रंग हुंगून त्यांच्या नाकात काही उरलं नव्हतं.

काकू निघताना रडल्या-भेकल्या नाहीत. चप्पल घालताना एवढंच म्हणाल्या, "तुम्ही आहात ना घरी? मग जाते. कुणीतरी असायला हवं."

दार लागलं. काका मोरीपाशी जाऊन उभे राहिले. तीन शनिवार झाले होते. दर शनिवारी दोन-तीन बादल्या. जाळीवर एक काळसर कडं उरलं होतं, बोटाच्या पेराएवढं. त्यांनी ते बोटावर घेतलं आणि नाकाशी नेलं. काहीच वास आला नाही. मग ते मोरीच्या कट्ट्यावर बसले आणि तोंडात टॉवेल कोंबून रडले.

६

सोमवारी ते कामावर गेले नाहीत. मॅडमचा फोन आला. "काका, शनी टांगून झाला, तुमच्या आयापेटससाठी थांबलोय. रंग वाळलाय ना?"

"वाळलाय. टांगा."

"तुम्ही नाही येणार? अहो, शेवटचा चंद्र आहे. आणि बरं का, पाटीत एक गंमत लिहिलीय. सुरुवातीला ज्यानं हा शोधला ना, त्याला तो शनीच्या एकाच बाजूला दिसायचा. दुसऱ्या बाजूला गेला की गायब. काळा गाल आपल्याकडे आला की दुर्बिणीतूनही सापडायचा नाही. बिचारा वर्षानुवर्षं तिकडे शोधत बसला. आणि हा असायचा तिथेच."

"मॅडम," काका म्हणाले, "मला बरं नाही." त्यांनी फोन ठेवला.

आता ते पुसत नव्हते. धूळ पडत होती तशी पडू दिली. दिवसभर खोलीत ऊन असे आणि उन्हात ती दिसे, भिंतीतून सुटून आडवी येणारी, पावडरसारखी. खाली पडायची तिला घाई नव्हती. आणि वस्तूंच्या दाराकडच्या बाजू दिवसेंदिवस अधिक पांढऱ्या होत चालल्या होत्या. रेडिओच्या पाठीचा हिरवा रंग गेला. फुलदाणीची नक्षी गेली.

मंगळवारी सकाळी आवाज सुरू झाला.

भिंतीतून. खरखर, थांबून-थांबून, लांब हाताची. काका भाजी चिरत होते, त्यांचा हात थांबला. उंदीर असेल. पाईप असेल. पण उंदीर लयीत घासत नाही. दहा हात घासून क्षणभर दम घेऊन पुन्हा दहा हात, हे कुणी तरी शिकवावं लागतं. काकांच्या तोंडून आपोआप निघालं, "ऐंशी नंबर."

बुधवारी आवाज बदलला. एकशेवीस.

त्यांनी मेहुणीला फोन केला. काकू जेवतात, झोपतात, तोंड धुतात, आता चेहरा बराच उजळलाय, असं ती म्हणाली. "तुम्हीही या ना इकडे. कशाला थांबलात तिथे?"

"येतो. दोन दिवसांत येतो."

"भावोजी, कशाची वाट बघताय?"

घर सोडून जायला पाय निघत नव्हता आणि थांबायला धीर होत नव्हता. ते मनाशी म्हणत, आपलं डोकं ठिकाणावर नाही, शोक झालेल्या माणसाला असं होतं, कित्येकांना होतं. लगेच दुसरं मन म्हणे, मग मेहुणीला वास कसा आला?

गुरुवारी दोनशेवीस. आवाज आता जवळून येत होता, कानाशी कुणी कागद चोळावा तसा. काकांनी भिंतीला तळहात लावला. भिंत कोमट होती. त्यांनी हळूच हाक मारली, "भिंगरे."

आवाज थांबला. बराच वेळ थांबला. मग आधीपेक्षा जोरात, घाईनं सुरू झाला, आणि काकांनी घाबरून हात मागे घेतला.

७

शुक्रवारी दुपारी, दोनच्या सुमाराला, आवाज चारशेवर आला.

आता ती खरखर उरली नव्हती. नुसती सळसळ. खोलीत स्वच्छ ऊन होतं, खाली मैदानात कुणी गाडी धूत होतं, रेडिओवर कुठल्या तरी सामन्याचं वर्णन चाललं होतं. काका टेबलाशी बसले होते. त्यांना भिंतीकडे पाहवेना, म्हणून त्यांनी खुर्ची फिरवली होती आणि पाठ तिकडे केली होती. समोर किटली होती, चहा ओतताना तिची पांढरी बाजू त्यांच्याकडे फिरली होती.

सळसळ थांबली.

मागे पाऊल वाजलं. वाळलेलं पान फरशीवरून सरकावं इतकं हलकं. मग दुसरं. काकांनी मोजली नाहीत, पण खोली केवढी ते त्यांना ठाऊक होतं आणि पावलं त्यापेक्षा जास्त झाली, कितीतरी जास्त, जणू कुणी फार लांबून चालत येत होतं आणि तरी आवाज मोठा होत नव्हता. मग ती थांबली. अगदी पाठीशी.

किटलीच्या पांढऱ्या पडलेल्या पोटात त्यांना आपला चेहरा दिसत होता. खांद्यामागे केस होते. वेणी होती, कशीतरी घातलेली, सकाळची बस पकडायच्या घाईत घालतात तशी. दोन कान होते. उंची पाच-सहा वर्षांच्या पोरीची.

दोन कानांच्या मध्ये जे होतं त्यावरून त्यांची नजर एकदाच फिरली. ते काम त्यांना ओळखू आलं. सांधा नाही, खाचखळगा नाही. असं घासायला माणसाला एकतीस वर्षं लागतात.

त्यांच्या उजव्या खांद्यावर काहीतरी टेकलं. त्याला वजन असं नव्हतंच.

काकांना वळता आलं असतं. पुढे आयुष्यभर ते स्वतःला हेच सांगणार होते, की मान धरली नव्हती, पाय बांधले नव्हते, कुणी अडवलं नव्हतं. वळायचं होतं, कवेत घ्यायचं होतं, एवढंच काम होतं. त्यासाठी ती आली होती. पण त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. आणि जिन्यात कुणी अनोळखी माणूस चुकून बेल वाजवतो, त्याच्याशी बोलावं त्या आवाजात ते म्हणाले, "चुकलात तुम्ही. इथे तुमचं कुणी राहत नाही."

खांद्यावरचं टेकणं तसंच राहिलं. समजून घ्यायला वेळ लागावा तसं. मग ते गेलं.

रेडिओवर टाळ्या पडल्या.

त्यांनी डोळे उघडून मागे पाहिलं तेव्हा कोरी भिंत होती, आणि टेबलापासून भिंतीपर्यंत ऊन. उन्हात एक कणही नव्हता, डब्या-किटलीवरही नाही. शर्टाच्या खांद्यावर चिमूटभर धूळ उरली होती, पिठाहून बारीक. काकांनी श्वास रोखून वर्तमानपत्राचा तुकडा तिच्याखाली धरला, दुसऱ्या हाताच्या नखानं हळूहळू ती कागदावर ओढायला लागले. नखाखालून ती निसटत राहिली, कागदावर काही आलं नाही. "थांब गं, थांब," ते म्हणत राहिले. खिडकीतून साधा वारा आला, रोज येतो तेवढाच, आणि खांदा स्वच्छ झाला.

८

रविवारी सकाळी मेहुणीनं काकूंना आणून सोडलं. काकूंचं तोंड धुवून-पुसून गोरं झालं होतं, केस विंचरलेले होते. मेहुणीनं दारातूनच खोलीभर नजर टाकली, हवा हुंगली आणि सुटकेचा निःश्वास सोडला. "गेलं बाई एकदाचं. बघा, मी म्हटलं नव्हतं?" घरचं काम टाकून आल्यामुळे ती बसली नाही.

काकू घरभर फिरल्या. साखरेच्या डब्यावरून बोट फिरवलं, किटलीवरून फिरवलं, बोट उजेडात धरून पाहिलं.

"धूळ थांबली हो."

"हो."

"कधीपासून?"

"परवापासून."

काकू त्यांच्याकडे वळल्या. दीड वर्षात त्यांनी नवऱ्याच्या डोळ्यांत असं पाहिलं नव्हतं. "कुणी आलं होतं का?"

काकांना सांगायचं होतं. कागदाचंही सांगायचं होतं, मोरीचंही, आणि परवाचंही. एकदा सांगितलं असतं तर निदान दोघांनी मिळून रडायचं काही उरलं असतं. त्यांनी तोंड उघडलं.

"नाही," ते म्हणाले. "कोण येणार?"

"मग बरोबर आहे," काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अगदी जवळ आली असेल. म्हणून थांबली धूळ. आता झिजायला अंतरच उरलं नाही ना."

त्यांनी आपली खुर्ची उचलून कोऱ्या भिंतीसमोर ठेवली. मग काकांची खुर्ची आणून शेजारी ठेवली, दोन्हींचे पाय फरशीच्या रेघेला लावून सरळ केले.

"बसा ना. आल्याआल्या दोघं दिसलो की तिला बरं वाटेल."

काका बसले. समोर भिंत होती. भिंतीपलीकडे तीन मजल्यांची उंची आणि मोकळं मैदान होतं, आणि त्यापलीकडून आता कुणीही येत नव्हतं.

काकूंनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला. "केवढा गार पडलाय हात," त्या म्हणाल्या, आणि तो दोन्ही तळव्यांत धरून चोळायला लागल्या. "असं काय करता? धीर धरा जरा. येईलच ती."